तोंड मिटणारी झडप

सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो तेव्हा कसा आवाज होतो, हे ज्यानं मोकळ्या माळावर ऐकलंय त्यानं तो ऐकलेलाच नाही. तो ऐकावा पुण्याच्या कसब्यातल्या बोळात, डिसेंबरच्या रात्री बारानंतर. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले, मध्ये जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी वाट आणि त्या वाटेत उभा डिझेल कॉम्प्रेसर. आधी ‘फाट्’, मग फुस्सकन सुटलेली हवा, मग भिंतींवर आपटून परत आलेली तीच फुस्स, आणि वर एकेक करून लागत जाणारे दिवे. मी पोचलो तेव्हा चार खिडक्या उजळलेल्या होत्या. पाचवी माझ्यासमोर उजळली.

मेट्रो कसब्याखाली यायच्या बरीच आधीची ही गोष्ट. कॉम्प्रेसर भाड्यानं देणाऱ्या एका लहान फर्ममध्ये मी सर्व्हिसचं काम करायचो. नोकरीला दोन वर्षं झाली होती, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटायचा काळ. पावणेबाराला फोन आला. ड्रेनेजची लाइन बदलायचं काम चाललंय, दिवसा तिथे पाऊल ठेवायला जागा नसते म्हणून रात्रीची परवानगी आहे, आणि मशिन सारखी सेफ्टी उडवतंय. पत्ता कळला आणि पोटात गोळा आला. माझं आजोळ तांबट आळीतलं, मामा तांबट. मशिन उभं होतं तिथून मामाचं घर दोन वळणांवर. भोसरीहून मोटरसायकलवर निघालो तेव्हा मला यंत्राची काळजी नव्हती, ओळखीचं कुणी भेटू नये एवढीच इच्छा होती. कसब्यात अशी इच्छा फळत नाही.

मशिन साधंच होतं. दोन चाकांचं, जीपमागे ओढून न्यायचं, 175 सीएफएमचं, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच घनमीटर हवा देणारं. रस्ता फोडायचे दोन ब्रेकर त्यावर आरामात चालतात. कामाचं प्रेशर सात केजी. आमच्या धंद्यात बार कुणी म्हणत नाही, पीएसआय जुने लोक म्हणतात. सात केजी म्हणजे शंभर पीएसआय, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मशिन कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. आणि पुण्यात तरी कॉम्प्रेसरची नावं घेताना जपून घ्यावीत. हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक 1958 पासून आहे, दापोडीला अॅटलास कॉप्को आहे. दर चौथ्या घरात कुणाचा तरी काका त्यातल्या एकातून रिटायर झालेला असतो.

ऑपरेटर परभणीकडचा होता, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. सेफ्टी उडू नये म्हणून त्यानं एक मोकळा कॉक अर्धा उघडून ठेवला होता. त्यातून हवा सतत शीळ घालत होती, इंजिन पूर्ण वेगानं बोंबलत होतं आणि डिझेल जळत होतं.

“साहेब, रेग्युलेटर हवाच सोडंना झालाय,” तो म्हणाला. “ब्रेकर थांबला की काटा वर जायलाय. टाकी भरली की उडायलीय सेफ्टी.”

मी मान डोलावली. आता वाटतं, त्याच क्षणी त्याला थांबवायला हवं होतं, कारण त्याच्या पहिल्याच वाक्यात चूक होती आणि ती चूक निम्म्या धंद्याची आहे. रेग्युलेटर हवा सोडतच नसतो.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कुकर बसलेला असतो. आत वाफ वाढली, शिट्टी उचलली, वाफ बाहेर गेली, प्रेशर खाली आलं. दाब आवरायचा म्हणजे जास्तीचं बाहेर टाकायचं, अशी समजूत घरातूनच मिळते. दुसरं ओळखीचं यंत्र म्हणजे पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. त्याला विजेची मोटर असते. टाकी भरली की स्विच पडतो, मोटर बंद. प्रेशर उतरलं की पुन्हा खडखडाट सुरू. रस्त्यावरच्या डिझेल मशिनला यांतलं काहीच चालत नाही. ब्रेकरवाला दर अर्ध्या मिनिटाला हात थांबवतो, पहार घेतो, ढेकूळ उपटतो, पुन्हा सुरू करतो. त्याच्या प्रत्येक विश्रांतीला इंजिन बंद-चालू करता येत नाही. जास्तीची हवा बाहेर सोडत राहावी तर डिझेल जाळून दाबलेली हवा वाऱ्यावर गेली, वर आवाज. मग उरतो एकच मार्ग: यंत्राला हवा खायचीच बंद करायची.

हे कळायला स्क्रू कॉम्प्रेसर कसा हवा खातो ते डोळ्यांसमोर आणावं लागतं. पिस्टन नाही, वर-खाली नाही. एका घट्ट डब्यात दोन जाड स्क्रू एकमेकांत दात अडकवून फिरतात. रसवंतीच्या चरकात उसाची जी गत होते तीच इथे हवेची, फरक एवढाच की हवा दोन दातांमधल्या खाचेत सापडते आणि लांबीच्या दिशेनं पुढे सरकते, सरकता सरकता खाच लहान होत जाते. कल्पना जुनी आहे. जर्मनीत हाइनरिश क्रिगरनं 1878 मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण तितके अचूक स्क्रू कापणारी यंत्रंच तेव्हा नव्हती. स्वीडनमध्ये आल्फ लिसहोमनं 1930 च्या दशकात ती उभी केली. पुढे आत तेल सोडायची युक्ती आली आणि मग हे यंत्र चाकांवर बसून गल्लोगल्ली हिंडायला लागलं. त्याचा स्वभाव मात्र पहिल्यापासून एकच: इंजिन फिरतंय आणि तोंड उघडं आहे तोवर गिळत राहायचं. पुढे हवा कुणाला हवी आहे की नाही, त्याला पत्ता नसतो. तो पत्ता त्याला कळवायचं काम रेग्युलेटरचं.

रेग्युलेटर म्हणजे टाकीवर बसवलेला मुठीएवढा तुकडा. आत रबरी डायफ्राम, त्यावर स्प्रिंग, स्प्रिंगला कमी-जास्त दाबणारा स्क्रू, स्क्रूवर लॉक नट. टाकीतली हवा डायफ्रामला खालून ढकलते, स्प्रिंग वरून. हवा जिंकली की डायफ्राम केसभर उचलतो आणि हवेचा एक बारीक धागा पेन्सिलीपेक्षा बारीक अशा नायलॉनच्या नळीत शिरतो. ती नळी जाते यंत्राच्या तोंडाशी, अनलोडरकडे. तिथे एक लहान पिस्टन ती हवा खाऊन तोंडावरची चकती मिटवू लागतो. त्याच नळीची दुसरी फांदी इंजिनच्या थ्रॉटलकडे जाते आणि वेग उतरवते. आमचं ते मशिन पूर्ण लोडला बावीसशे फेऱ्यांवर चालायचं, तोंड मिटलं की पंधराशेवर यायचं. अर्धीच हवा लागत असेल तर तोंड अर्धंच मिटतं. दार धाडकन लावून घेण्याचा प्रकार नाही, ताटावर बसलेला माणूस पोट भरत आलं की घास लहान करत जातो तसं.

इथवर सगळं सरळ आहे. खरी गंमत पुढे आहे. ब्रेकर पुन्हा सुरू झाला, टाकीतला दाब उतरला, डायफ्राम खाली बसला, रेग्युलेटर बंद. पण नळीत कोंडलेल्या हवेचं काय? ती तिथेच राहिली तर पिस्टन दाबलेलाच राहणार, तोंड मिटलेलंच राहणार आणि यंत्र उपाशी मरणार. म्हणून त्या नळीला एक भोक ठेवलेलं असतं, साधारण एक मिलिमीटरचं, एका वाटाण्याएवढ्या पितळी निपलमध्ये. त्यातून नळीतली हवा सतत थोडी थोडी गळत असते. रेग्युलेटरनं भरत राहायचं आणि भोकानं रितं करत राहायचं. जाणूनबुजून ठेवलेली ही गळती नसेल तर यंत्राला कालचा निरोप विसरताच येत नाही.

हे सगळं मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं. त्यातल्या भोकाचं महत्त्व मात्र पुस्तकातून कळलं नव्हतं.

मी मशिन बंद करायला लावलं. टाकीचा काटा शून्यावर यायची वाट पाहिली. ही वाट पाहणं फार जणांना जमत नाही. इंजिन थांबलं की ब्लो-डाउन व्हॉल्व्ह आपोआप टाकी रिकामी करतो, मिनिट-दोन मिनिटं हिस्स चालतं, आणि तेवढ्यात कुणीतरी तेलाच्या झाकणाला पाना लावतो. टाकीत पाच केजी असताना ते झाकण हातात राहत नाही आणि मागोमाग गरम तेल येतं. एका साइटवर सेफ्टी ‘त्रास देते’ म्हणून तिच्या जागी प्लग मारलेलं मशिनही मी पाहिलंय. त्याच्याजवळ उभं राहायचे मला पैसे मिळत नव्हते, मी उभा राहिलो नाही.

बॅटरीच्या उजेडात रेग्युलेटर पाहिला. स्क्रूवरची पिवळ्या रंगाची खूण फुटलेली, लॉक नटवर पान्याचे ताजे चरे.

“दादा, हा कुणी फिरवला?”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मुकादम म्हणाला, “ब्रेकरला जोर येत नव्हता, म्हणून दोन आटे दिले.”

ब्रेकरला जोर का येत नव्हता ते पाच पावलांवर दिसत होतं. मशिन चौकाच्या तोंडाशी आणि खड्डा आत, म्हणून तीन होज जोडलेले, त्यातला एक बारीक, दोन जोडांवर तारेचे वेढे आणि फुसफुस. यंत्रापाशी सात केजी असले तरी ब्रेकरपाशी पाच उरत असतील. अशा वेळी रेग्युलेटर पिळणं म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून धरणाची भिंत उंच करणं. मी जोड बदलले, जोडांना साखळी लावायला सांगितली (होज सुटला तर तो सापासारखा झोडपतो, पाय मोडतो) आणि स्क्रू परत उलटा फिरवला. मशिन चालू केलं, कॉक बंद ठेवले. सात हे काम चालू असतानाचं प्रेशर; सगळं बंद असताना काटा साडेआठला थांबायला हवा होता. तो नऊ झाला, सव्वानऊ झाला. दहाला सेफ्टी.

फाट्.

“काय चाललंय काय?” वरून आवाज आला. मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ गॅलरीत उभे होते. त्यांनी मोबाइलची बॅटरी माझ्या तोंडावर मारली आणि क्षणभर थांबले. “तू रे? तांबट आळीतल्यांचा भाचा ना तू?”

मी हो म्हटलं.

“तुझ्या मामाची टकटक पन्नास वर्षं ऐकतोय. कधी तक्रार केली नाही. तू एका रात्रीत नको केलंस.” मग खाली वाकून, अगदी हळू, “आता एकदा जरी हे वाजलं ना, तर मी स्वतः खाली येईन.”

मी पुन्हा मशिन बंद केलं. रेग्युलेटर ठीक होता, म्हणजे निरोप निघत होता पण पोचत नव्हता. नळी सोडवली आणि उलटी धरली. तांबूस पाणी ठिबकलं, मागून गंज आणि तेलाचा चिकट गाळ. थंडीच्या रात्री मशिन थोडा थोडा वेळच लोडवर चाललं तर तेल पुरेसं तापत नाही, हवेतला दमटपणा आतच पाणी होऊन बसतो आणि सगळ्यात बारीक वाट शोधतो. बर्फाच्या देशांत हीच नळी गोठते आणि तिथले मेकॅनिक याच जागेला शिव्या घालतात. आपल्याकडे ती गाळानं तुंबते. मी नळी फुंकून साफ केली. तेवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायला काही उरलं नसतं.

पण हात लागलाच आहे तर ते पितळी भोकही साफ करू, असं मला वाटलं. त्यात काळपट काहीतरी दिसत होतं. डिझेल किंवा सॉल्व्हंटमध्ये भिजत घालायचं आणि हवेनं फुंकायचं, ही पद्धत. माझ्याकडे धीर नव्हता. तळमजल्यावरच्या काकू एव्हाना दारात येऊन बसल्या होत्या, त्यांना सुई मागितली. त्यांनी गोधडी शिवायचं दाभण आणून दिलं. दाभण भोकात घातलं, अडलं, जरा फिरवलं, गेलं. आरपार चांदणं दिसावं असं स्वच्छ भोक.

सगळं जोडलं. कॉक बंद, मशिन चालू. काटा चढला, पण आता साडेआठच्या वर पावणेनऊला जाऊन थांबला आणि इंजिन उतरलं. काय समाधान वाटलं म्हणून सांगू. मी स्क्रू आणखी थोडा ढिला केला, काटा बरोबर साडेआठवर आणला, लॉक नट घट्ट केला. यानंतर दुसरी अर्धी तपासणी करायची असते: कॉक उघडत जायचं, इंजिन पूर्ण वेगाला आलं की काट्यावर सात दिसायला हवेत. त्यासाठी हवा मोकळी सोडावी लागते किंवा ब्रेकर चालवावे लागतात. रात्रीचे अडीच वाजले होते आणि मफलरवाले अजून गॅलरीत होते. मी ऑपरेटरला म्हटलं, “उद्या कामावर लागेल तेव्हा बघा.” भोसरीला परत जायची ताकद नव्हती, मामाकडे गेलो.

सकाळी चहा घेताना मामानं विचारलं, “ते एवढं ओरडत का होतं?”

मामाचं दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. तांबट आळी पेशवाईपासूनची. तांब्याच्या पत्र्यावर ठोक्याशेजारी ठोका देत भांडं घडवायचं, त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि वर ते चांदण्यांसारखं मठारकाम उमटतं. समोर अर्धवट मठारलेला बंब होता. मी तोच दाखवून सुरुवात केली: बंबाला वरून वाट मोकळी आहे म्हणून त्याला व्हॉल्व्ह लागत नाही, माझी टाकी बंद आहे. मग स्क्रू, रेग्युलेटर, अनलोडर, सगळं सांगितलं. मामा ऐकत होता. माळ्यावर त्याच्या वडिलांचा चामडी भाता होता, आता विजेचा ब्लोअर आलाय. भात्याच्या फळीला भोक आणि आतून चामड्याचा पडदा. भाता उघडला की पडदा उचलतो, दाबला की बसतो. झडप म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

“म्हणजे ते हवा सोडत नाही,” तो म्हणाला. “खायचं थांबतं.”

“हो.”

“आणि पुन्हा भूक लागल्याचं कसं कळतं?”

इथे मी खुशीत आलो. पितळी निपलचं भोक, त्याची गळती आणि काकूंच्या दाभणानं मी ते कसं लख्ख केलं ते रंगवून सांगितलं. मामानं कप खाली ठेवला.

“पितळेत पोलाद फिरवलंस?”

“जरासं.”

“मग आता ते भोक कालचं राहिलं नाही,” म्हणाला आणि हातोडा उचलला. ठोके सुरू झाले. मी आंघोळीला गेलो. तांबटाला कॉम्प्रेसरमधलं काय कळणार, असंच तेव्हा मला वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या रात्री साडेदहालाच फोन. “साहेब, सेफ्टी नाई उडत आता. पन बिरेकर कालच्याहून मऊ चालायलेत.”

या वेळी फर्मनं अण्णांना सोबत पाठवलं. अण्णा आमचे जुने फिटर, बोलणं कमी, कान तिखट. दोन्ही ब्रेकर चालू होते, आवाज असा की शेजारच्याचं ऐकू येऊ नये, आणि हा माणूस अनलोडरशेजारी कान लावून उभा. काटा सहाच्या आसपास. इंजिन पूर्ण वेगाला जायच्या आधीच घुटमळत होतं. अण्णांनी बोट लावून दाखवलं: निपलच्या भोकातून हवेचा चांगला जाड पिसारा सुटत होता.

“भोकात काय घातलंस?”

मी सांगितलं.

ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी खडूनं मशिनच्या दारावर दोन रेघा ओढल्या आणि समजावलं. भोक मोठं झालं की नळीतली हवा लवकर गळते. मग पिस्टनला तोंड मिटवण्याएवढा जोर मिळायला रेग्युलेटरला आधीपेक्षा जास्त उघडावं लागतं. म्हणून काल काटा पावणेनऊला गेला. तो साडेआठवर आणायला मी स्प्रिंग ढिली केली. आता रेग्युलेटर आधीपासूनच उघडायला लागतो आणि सात केजीला जे तोंड पूर्ण उघडं असायला हवं ते सहालाच अर्धवट मिटायला लागतं. पूर्वी मिटायची सुरुवात आणि शेवट यांत जेवढं अंतर होतं, ते मी दाभणानं वाढवून ठेवलं होतं. काल दोन्ही टोकं तपासली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी एकच टोक तपासलं, आणि तेही सोयीचं.

अण्णांनी खिशातल्या प्लास्टिकच्या डबीतून नवं निपल काढलं. मशिन थांबलं, काटा शून्यावर आला, निपल बदललं. मग सेटिंग. आधी सगळं बंद ठेवून साडेआठ. मग कॉक थोडा थोडा उघडत, इंजिन बावीसशेला पोचलं तेव्हा काट्यावर सात. पुन्हा बंद, पुन्हा साडेआठ. पुन्हा उघडा, सात. चार वेळा. गॅलरीतले मफलरवाले खाली आले होते. त्यांना मी म्हटलं, “काका, पाच मिनिटं आवाज होईल, मग चार दिवस कमी होईल.” त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पाच मिनिटं तिथेच उभे राहिले. सहाव्या मिनिटाला घड्याळ पुन्हा दाखवलं.

परत जाताना मी अण्णांना विचारलं, टाकीवरच्या दुसऱ्या त्या मोठ्या व्हॉल्व्हला का नाही हात लावला. तो मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह. सगळे कॉक उघडे टाकले तरी तो टाकीतलं प्रेशर साधारण चार केजीच्या खाली जाऊ देत नाही. मला तो उगाच अडवणारा वाटायचा. अण्णा म्हणाले, “या मशिनला तेलाचा पंप कुठे बघितलास?” मी आठवून पाहिलं, नव्हता. स्क्रूवर जे तेल सतत शिंपडलं जातं, जे त्यांना थंड ठेवतं आणि दातांमधली फट बुजवतं, ते टाकीतल्या हवेच्याच दाबानं कूलर-फिल्टरमधून फिरत असतं. दाब गेला की तेल गेलं, तेल गेलं की काही मिनिटांत स्क्रू. दोन वर्षं मी हे यंत्र दुरुस्त करत होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

जुनं निपल मी मामाला नेऊन दाखवलं. त्यानं ते उजेडात धरलं, फिरवलं. भोक गोल राहिलं नव्हतं, एका बाजूला ओढलं गेलं होतं. “मी सांगितलं नव्हतं का” असं तो म्हणाला नाही. मामी म्हणाली. दाभण काकूंना परत द्यायचं राहून गेलं ते गेलंच; पुढे त्यांचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली आणि त्या लेकीकडे राहायला गेल्या.

ती गल्ली दीडेक वर्षात पुन्हा खोदली. या वेळी कॉम्प्रेसर दुसऱ्याचा होता. मी योगायोगानं मामाकडे जेवायला होतो. भात वाढता वाढता मामी वैतागली, पण मामानं हात वर करून तिला गप्प केलं. बाहेर ब्रेकर थांबला. इंजिनाचा सूर क्षणात उतरला, हलका झाला, तसाच राहिला. ब्रेकर पुन्हा लागला, सूर चढला.

“मिटतंय तोंड,” मामा म्हणाला आणि ताकाकडे वळला.

आता त्या भागाखालून मेट्रो धावते; कसबा पेठ स्थानक 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झालं. वर गल्ल्या तेवढ्याच अरुंद आहेत आणि खोदकाम थांबलेलं नाही. तुमच्याही दारात कधी असा कॉम्प्रेसर येऊन उभा राहील. आवाजाची तक्रार करायची तर जरूर करा, पण त्याआधी एकदा कान द्या. ब्रेकर थांबल्यावर दोन-तीन सेकंदांत इंजिन खाली येत असेल तर मशिन ठीक आहे. येत नसेल, सारखं पूर्ण वेगानंच ओरडत असेल, तर पोरांना तिथून लांब घ्या आणि ऑपरेटरला सांगा की मशिन बंद करून नळी बघ. दाभण मागितलं तर देऊ नका.